जुनी टेबल सॉ वापरात आणताना : काय जपावे, काय बदलावे

पटाशी (धागालेखक)

साधारण १९४० ते १९७० या काळात बनलेल्या, बिडाचा जाड पाट असलेल्या टेबल सॉविषयी (पाटातून वर येणाऱ्या गोल पात्याने लाकूड कापणाऱ्या यंत्राविषयी) बोलणे निघाले की चर्चा दोन टोकांना जाते. एका बाजूला 'आताच्या यंत्रांत तो दम नाही' असे म्हणणारे असतात, तर दुसऱ्या बाजूला 'असले धोकादायक धूड भंगारात घाला' असे सांगणारे असतात. माझे मत असे आहे की या यंत्राच्या दोन अंगांचे मूल्यमापन वेगवेगळे करायला हवे. त्याचे बीड, त्याची भूमिती आणि त्याची यंत्रणा आजही उत्तम काम देते आणि ती शक्य तितकी जपावी. मात्र कारागिराचे रक्षण कसे करावे याविषयीची त्या काळची समजूत अपुरी होती. तिच्यातून आलेले भाग, म्हणजे पात्यावरची संरक्षक जाळी, स्विच आणि काही अंशी फेन्स (फळी जिला टेकवून सरळ पुढे ढकलतात ती पट्टी), मूळचे आहेत म्हणून तसेच ठेवण्यात काहीच हशील नाही.

आधी यंत्र निवडण्याविषयी लिहितो. सर्वात जुन्या यंत्रांमध्ये पाते कायम उभे राहत असे आणि तिरका काप घ्यायचा तर संपूर्ण पाटच कलवावा लागे. अशा कललेल्या पाटावर मोठी फळी सरळ रेषेत पुढे ढकलणे हे मोठे जिकिरीचे काम असते, कारण फळी सतत खालच्या बाजूला घसरू पाहते. त्यानंतर पाट आडवा ठेवून आतला आर्बरच (पाते ज्यावर बसते तो आस) कलवणारी यंत्रे आली. डेल्टाची १९३९ साली आलेली युनिसॉ हे त्यातले सर्वात ठळक उदाहरण आहे. बंद पेटीच्या आत बसवलेली मोटर, तीन व्ही-पट्ट्यांनी फिरणारा आर्बर आणि दहा इंची पाते असा तिचा आराखडा पुढे कित्येक उत्पादकांनी उचलला. नेहमीच्या वापरासाठी घ्यायचे असेल तर आर्बर कलणारेच यंत्र घ्यावे आणि कलत्या पाटाचे यंत्र संग्राहकांसाठी सोडून द्यावे.

यंत्र पाहायला गेल्यावर पाटावरचा तांबूस गंज पाहून घाबरू नये. तो निघतो. भीती बाळगायची ती तडकलेल्या ट्रनियनची. पाटाखाली पुढे आणि मागे असलेल्या या अर्धवर्तुळाकार बिडाच्या भागांवरच सगळी कलती यंत्रणा तोललेली असते आणि यंत्र हलवताना ते पडले किंवा आपटले तर तडा बहुधा तिथेच जातो. बिडाला वेल्डिंग करणे कष्टाचे असते आणि त्यानंतर भूमिती पूर्वीसारखी राहील याची खात्री देता येत नाही. म्हणून बॅटरी घेऊन खाली वाकावे, भुशाचे थर ब्रशने झाडावेत आणि ट्रनियनचा प्रत्येक कोपरा नीट पाहावा. पाते वर-खाली करण्याचे आणि कलवण्याचे चाक पूर्ण फेऱ्यांत फिरवून पाहावे. ते जड फिरत असेल तर ते केवळ राळ आणि भुसा यांच्या किटणाचे काम असते, पण ठरावीक जागी उडी मारत असेल तर वर्म गिअरचे दाते झिजलेले किंवा तुटलेले असण्याची शक्यता असते. शेवटी आर्बर हाताने पकडून वर-खाली आणि आत-बाहेर हलवावा. बेअरिंग बदलता येते, त्यामुळे थोडी खडखड चालेल, परंतु आर्बरचे आटे खराब असतील किंवा तो वाकलेला असेल तर हिशेब बदलतो.

मूळ फेन्स, माइटर गेज (पाटाच्या खाचेत सरकणारी, लाकूड ठरावीक कोनात धरणारी पट्टी) आणि पात्याभोवतीची झाकणपट्टी यंत्रासोबत आहे की नाही हेही पाहावे. फेन्स नसेल तर मला फारसे दुःख होत नाही, मात्र झाकणपट्टीचा आकार विचित्र असेल तर ती नव्याने घडवावी लागते.

आपण सर्वांनी अशी यंत्रे वापरात आणताना काय राखले आणि काय बदलले, ते कारणांसह लिहावे, ही विनंती.

बिडाचा पाट

पटाशी, निवडीविषयी आपण लिहिलेले सर्व पटते, परंतु मूळ भाग काढून टाकण्याच्या उत्साहाला थोडा लगाम हवा असे वाटते. मूळ रंग, मूळ पाटी आणि मूळ चाके असलेले यंत्र हा एका काळच्या कारखानदारीचा पुरावा असतो. पुष्कळ लोक यंत्र आणल्या आणल्या रंग खरवडून चकचकीत नवा रंग देतात. त्याने यंत्र एका मिलिमीटरनेही अधिक अचूक होत नाही, आणि जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते, हे तर विसरलेच जाते. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर पसरते. रंग काढायचाच असेल तर तो ओला ठेवून किंवा रंग मऊ करणारे द्रावण लावून खरवडावा. नाहीतर साबणाच्या पाण्याने धुऊन त्यावर मेणाचा हात फिरवावा, तेवढे पुरते.

पाटाचा गंज काढण्यासाठी मी आधी धारदार पाते अगदी सपाट धरून वरचा थर खरवडतो, मग रॉकेल टाकून नायलॉनचा घासणीचा पॅड फिरवतो आणि गरज पडलीच तर ४०० नंबरचा कागद लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घासतो. पॉवर सँडर वापरल्यास मध्येच खळगा पडण्याचा धोका असतो. त्यानंतर पेस्ट वॅक्स लावावे, पण त्यात सिलिकॉन नसल्याची खात्री करावी, कारण सिलिकॉनचा अंश लाकडावर उतरला तर पुढे पॉलिश करताना त्या जागी माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

लहान सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून विजेने गंज काढण्याची पद्धत फार उपयोगी आहे. त्यात दुसऱ्या टोकाला साधे लोखंड वापरावे. स्टेनलेस स्टील वापरले तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरते.

गुण्या

रंगाचा वाद संग्राहकांनी सोडवावा. मी मोजमापाविषयी लिहितो, कारण जुन्या यंत्राचा खरा लाभ तिथे मिळतो आणि बहुतेक जण तिथेच कंटाळा करतात.

पहिले मोजमाप आर्बरच्या चकतीचे, म्हणजे ज्या सपाट कडेवर पाते टेकते तिचे. डायल गेजचे (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक चकतीच्या बाहेरच्या कडेजवळ टेकवावे, पट्टा काढून ठेवावा आणि आर्बर हाताने सावकाश फिरवावा. काटा जितका हलेल त्याच्या सुमारे पाचपट डगमग दहा इंची पात्याच्या दात्यांपाशी दिसते, कारण चकतीचा व्यास साधारण ५० मिमी आणि पात्याचा २५४ मिमी असतो. म्हणजे चकतीवरचे ०.०३ मिमी दात्यांपाशी ०.१५ मिमी होतात आणि कापलेल्या पृष्ठभागावर ते स्पष्ट उमटतात. मोजण्यापूर्वी चकतीवरची राळ आणि गंजाचे कण पुसून घ्यावेत. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

बेअरिंग बदलायची असतील तर अनेक दहा इंची यंत्रांत ती ६२०३ या मापाची, म्हणजे १७ मिमी भोक, ४० मिमी बाहेरचा व्यास आणि १२ मिमी जाडी अशी असतात. तरीही जुन्या बेअरिंगवरचा क्रमांक वाचूनच नवी घ्यावीत, कारण काही यंत्रांत आतली कडी जास्त रुंद असलेला प्रकार बसवलेला असतो. बेअरिंग आर्बरवर बसवताना दाब फक्त आतल्या कडीवर आणि बेअरिंगच्या खोबणीत बसवताना फक्त बाहेरच्या कडीवर द्यावा. दाब गोळ्यांमधून गेला की नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते आणि ते पहिल्याच दिवशी गुणगुणू लागते.

दुसरे मोजमाप पाते आणि माइटर गेजची खाच यांच्या समांतरतेचे. पात्याच्या एका दात्यावर खूण करावी, तो दाता पुढे आणून खाचेपासूनचे अंतर मोजावे, मग तोच दाता मागे नेऊन पुन्हा मोजावे. दाता तोच ठेवण्याचे कारण असे की त्यामुळे पात्याची स्वतःची वक्रता मोजमापात शिरत नाही. दोन्ही अंतरांतला फरक ०.१ मिमीच्या आत आणावा. पेटीवर पाट स्वतंत्र बोल्टांनी बसवलेला असेल तर ते बोल्ट सैल करून पाट सरकवता येतो आणि हे काम सोपे असते. ट्रनियन पाटालाच खालून आवळलेले असतील तर मागचे बोल्ट सैल करून ट्रनियन हलकेच ठोकत जागी आणावे लागतात, आणि पुन्हा आवळताना ते हमखास थोडे सरकतात. त्या कामाला धीर लागतो.

एवढे झाल्यावर पाते ४५ अंशांवर कलवून तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. उभ्या पात्याला सगळे बरोबर आणि कललेल्याला चूक अशी स्थिती असेल तर पाट पुढून किंवा मागून किंचित उंच आहे असे समजावे आणि त्या बोल्टांखाली पातळ पत्र्याचे शिम घालावे.

लाकडाकडे पाहूनही निदान करता येते. कापलेल्या बाजूवर एकाच दिशेच्या कमानी दिसत असतील तर ठीक आहे. दोन दिशांच्या कमानी एकमेकींना छेदताना दिसल्या तर पात्याचे मागचे दातेही लाकडाला लागत आहेत, म्हणजे पाते किंवा फेन्स समांतर नाही असे समजावे.

भुसकट

गुण्या यांनी यांत्रिक बाजू इतकी नीट लिहिली आहे की तिथे भर घालण्यासारखे काही उरले नाही. मी विजेच्या बाजूविषयी लिहितो, आणि तिथे मी पटाशी यांच्याही पुढे जाईन. जुनी वायर, जुना स्विच आणि कापडी वेष्टणाच्या तारा तपासत बसू नयेत, सरळ काढून टाकाव्यात. त्या काळचे रबर आता कडक होऊन चिरलेले असते आणि बिडाच्या यंत्राला अर्थिंग नसेल तर सगळा पाटच जिवंत होऊ शकतो.

स्विच बदलण्याचे कारण याहून गंभीर आहे. जुना खटक्याचा स्विच चालू स्थितीत असताना वीज गेली की यंत्र थांबते, आणि वीज परत आली की पाते आपोआप फिरू लागते. त्या क्षणी कुणी पात्याजवळचा तुकडा काढत असेल तर काय होईल ते सांगायला नको. वीज गेल्यावर स्वतः सुटणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय न लागणारा चुंबकीय स्टार्टर बसवावा. त्याचे लाल बटण गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल अशा जागी असावे, कारण अडचणीच्या वेळी दोन्ही हात लाकडावर असतात.

मोटरबाबत एक मुद्दा दुर्लक्षिला जातो. ६० हर्ट्झसाठी बनलेली ३४५० फेऱ्यांची मोटर ५० हर्ट्झवर सुमारे २८७५ फेऱ्यांनी चालते, म्हणजे पात्याचा वेग सहाव्या भागाने कमी होतो. शिवाय व्होल्टेज तेच राहिल्यास मोटरच्या लोखंडात चुंबकीय भार वाढतो आणि ती जास्त तापते. पुली बदलून पात्याचा वेग भरून काढता येईल, तापण्यावर मात्र तो उपाय नाही. तिथे मोटर बदलावी, किंवा ती थ्री फेज असेल तर फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग ठरवणारे उपकरण) लावावा. ब्रश असलेली, रिपल्शनने सुरू होऊन इंडक्शनवर चालणारी जुनी मोटर अशा ड्राइव्हवर चालत नाही. ती सुरू होताना जो 'खट्' आवाज करते तो बिघाड नसतो. वेग आला की आतली यंत्रणा बदलते, त्याचा तो आवाज असतो.

ड्राइव्ह बसवणाऱ्यांनी पाते झटक्यात थांबवण्याची सोय वापरताना सावध राहावे. आर्बरच्या आट्यांची दिशा अशी ठेवलेली असते की पाते वेग घेताना नट घट्ट होतो. वेगाने ब्रेक लावल्यास जड पाते पुढे फिरत राहू पाहते आणि तोच नट सैल होऊ शकतो. थांबण्याचा काळ काही सेकंदांचा ठेवावा.

उभी रेष

आतापर्यंतच्या चर्चेत मुख्य गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे लाकूड उलट फेकले जाणे. पात्याचे पुढचे दाते लाकूड खाली पाटावर दाबतात, तर मागचे दाते खालून वर येत असतात. कापताना लाकडातला ताण सुटून चीर मिटली, किंवा फळी फेन्सपासून जराशी फिरली, की मागचे दाते तिला उचलतात आणि थेट कारागिराच्या दिशेने भिरकावतात. दहा इंची पाते मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरत असेल तर दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किमीच्या आसपास असतो. हे सगळे इतक्या झटपट घडते की सावरायला वेळच मिळत नाही, आणि फळीवर ठेवलेला हात तिच्याबरोबर पात्याकडे ओढला जातो.

यावरचा उपाय म्हणजे पात्यामागे उभी राहून चीर उघडी ठेवणारी धातूची पट्टी, रायव्हिंग नाइफ. जुन्या यंत्रांपैकी अनेकांत, विशेषतः अमेरिकन यंत्रांत, तिच्या जागी संरक्षक जाळीला जोडलेला एक स्थिर दुभाजक असे. तो पात्याबरोबर वर-खाली होत नसे आणि पात्यापासून बराच दूर असे. आरपार न जाणारी खाच मारायची वेळ आली की तो काढावाच लागे, आणि एकदा काढला की परत बसवण्याचा कंटाळा केला जाई. म्हणूनच जुन्या यंत्रासोबत जाळी क्वचितच मिळते. रायव्हिंग नाइफ पात्याच्या पाठीमागे ३ ते ८ मिमी अंतरावर राहते, पात्यासोबत हलते आणि कलते, आणि तिची उंची पात्याच्या माथ्याहून किंचित कमी असल्याने ती खाचेच्या कामातही काढावी लागत नाही.

जुन्या यंत्रात ती बसवता येईल का, हे आर्बर धरून ठेवणाऱ्या भागावर अवलंबून असते. तिथे तिचा धारक आवळायला सपाट जागा आणि पुरेसे बीड असेल तर चांगला यंत्रकारागीर ती करून देऊ शकतो. जाडीचे गणित मात्र काटेकोर हवे. नाइफ पात्याच्या पत्र्याहून जाड आणि दात्यांनी पाडलेल्या चिरेहून पातळ असावी. चीर ३.२ मिमी आणि पत्रा २.२ मिमी असेल तर २.५ ते २.८ मिमीची नाइफ चालेल. हेच यंत्र पुढे पातळ पात्याने, म्हणजे २.४ मिमीच्या चिरेने चालवले तर लाकूड त्या नाइफला अडेल आणि ते ढकलणारा कारागीर जास्त जोर लावू लागेल, जे आणखी वाईट. त्यामुळे एक जाडी ठरवावी आणि त्याच मापाची पाती घ्यावीत.

नाइफ बसवणे शक्यच नसेल तर पात्याला चिकटून असलेली नवी झाकणपट्टी लाकडाची किंवा फेनॉलिकची (कडक प्लास्टिकसारख्या पत्र्याची) करून तिच्यात पात्याच्या रेषेत मागे दुभाजक बसवावा. हा दुय्यम उपाय आहे, कारण पाते खाली केले की अंतर वाढते आणि पाते कलवले की तो निरुपयोगी होतो. तरीही काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

मूळ भाग जपण्याच्या बिडाचा पाट यांच्या आग्रहाशी मी फेन्सपुरता असहमत आहे. दोन्ही टोकांना आवळली जाणारी जुनी फेन्स आवळताना कधी कधी वाकडी बसते आणि प्रत्येक वेळी पुढे-मागे मोजून पाहावे लागते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम बीझमेयर यांची टी-आकाराची फेन्स आली. ती पुढच्या नळीवरच आवळते आणि स्वतःहून समांतर बसते. मूळ फेन्स कापडात गुंडाळून कपाटात ठेवावी, म्हणजे इतिहासही राखला जाईल आणि बोटेही.

घन लाकूड उभे चिरताना आणखी एक युक्ती वापरावी, जी युरोपातल्या कार्यशाळांत नेहमीची आहे. फेन्सवर एक आखूड पट्टी लावावी, जी पात्याच्या पुढच्या दात्यांच्या थोडी पलीकडे संपते. चिरलेले लाकूड बाहेरच्या बाजूला फाकले तर त्याला जागा मिळते आणि ते पात्यावर दाबले जात नाही. प्लायवूडला मात्र लांब फेन्सच बरी.

बिडाचा पाट

फेन्सचा मुद्दा मान्य आहे, कपाटात ठेवण्याची अट घातल्यामुळे. रायव्हिंग नाइफसाठी आर्बरच्या भागात भोके पाडण्याबद्दल मात्र मन घेत नाही. बिडाचा तो भाग कुठे पातळ आहे हे बाहेरून कळत नाही, आणि एक चुकीचे भोक म्हणजे तो भाग कायमचा गेला. आधीपासून असलेल्या बोल्टांचा आधार घेऊन धारक बसवता येत असेल तरच ते काम करावे, असे सुचवतो.

गुण्या

ही सूचना रास्त आहे. अनेक यंत्रांत मूळ दुभाजक ज्या बोल्टांवर बसत असे ते ट्रनियनवर असतात. तिथे बसवलेला धारक कलतो, पण पात्याबरोबर वर-खाली होत नाही. तेवढ्या मर्यादेत त्यांचा उपयोग करता येतो.

पटाशी (धागालेखक)

सर्वांचे आभार. उभी रेष यांचा प्रतिसाद वाचून कामाचा क्रम मी असा ठरवला आहे : आधी वीज आणि स्टार्टर, मग आर्बर आणि बेअरिंग, मग समांतरता, त्यानंतर नाइफ आणि फेन्स, आणि रंगाचा विचार सर्वात शेवटी. बिडाचा पाट यांच्या सूचनेप्रमाणे नवे भोक पाडणार नाही.

पात्याबाबत एक शंका आहे. आर्बर पाच-अष्टमांश इंची, म्हणजे १५.८८ मिमीचा आहे. १६ मिमी भोकाचे पाते त्यावर बसवावे का?

उभी रेष

बसवू नये. फरक ०.१२ मिमीचाच असला तरी पाते प्रत्येक वेळी वेगळ्या जागी टेकेल आणि मध्यापासून सरकलेले पाते थरथरते. त्यामुळे काही दाते जास्त आणि काही कमी लाकूड घेतात, आणि गुण्या यांनी सांगितलेली सगळी मेहनत वाया जाते. पाच-अष्टमांश भोकाचेच पाते घ्यावे. ३० मिमी भोकाचे चांगले पाते हाताशी असेल तर धार लावणाऱ्या जाणकाराकडून त्यात अचूक बुश (भोक लहान करणारी कडी) दाबून बसवून घ्यावे. सैल कडी घालू नये. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादाही पाहावी आणि यंत्र ज्या व्यासासाठी बनले आहे त्याहून मोठे पाते कधीही घालू नये.

उभ्या चिरण्यासाठी २४ दात्यांचे सपाट धारेचे आणि आडव्या कापासाठी ६० ते ८० दात्यांचे अशी दोन पाती ठेवावीत. मधल्या दात्यांचे एकच पाते दोन्ही कामांना लावले की जाड कठीण लाकडात ते तापते आणि कडा करपवते, मग दोष यंत्राला दिला जातो.

भुसकट

पट्टेही नवे घ्या. यंत्र बरीच वर्षे उभे असेल तर व्ही-पट्टा पुलीवरच्या वळणात कायमचा बाक घेतो आणि प्रत्येक फेरीला धक्का देतो. तीन पट्टे असतील तर ते एकाच मापाच्या जुळलेल्या संचातलेच घ्यावेत, नाहीतर सगळा भार एकावर येतो. पट्टे बसवल्यावर पाटावर नाणे कडेवर उभे करून यंत्र सुरू करा. नाणे उभे राहिले तर पुली सरळ रेषेत आहेत आणि बेअरिंगही ठीक आहेत. पडले तर पाते काढून पुन्हा पाहा, म्हणजे दोष पात्यात आहे की पट्ट्यात ते कळेल.